सगळे मेल आजचेच

राजारामपुरी, कोल्हापूर
८ फेब्रुवारी २०२५

चि. राजवर्धनराव यांना लीलाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सासूचं हातानं लिहिलेलं पत्र बघून दचकू नका. फोनवर बोलायला लागले की आबा दारात येऊन उभे राहतात. मेल करावा तर तो याच कॉम्प्युटरवरून जाणार, आणि तोही ते वाचणार. म्हणून पाकीट आणलं.

मागच्या आठवड्यात तुम्ही पुण्याहून येऊन खूप खपलात. जुना कॉम्प्युटर कधी बंद पडेल त्याचा नेम नव्हता. त्यातले आबांचे सगळे मेल तुम्ही नव्या कॉम्प्युटरवरच्या नव्या प्रोग्राममध्ये आणून ठेवलेत, एकही गहाळ झाला नाही. आबा आता जेवलो का तेसुद्धा मला विचारतात, पण सकाळचा चहा घेऊन मेल उघडायला विसरत नाहीत. दूध संघाच्या ऑफिसात लागलेली सवय.

पण नव्या कॉम्प्युटरवर प्रत्येक मेलपुढे एकच तारीख दिसते, तुम्ही ते हलवलेत त्या दिवसाची. आणि सगळे ठळक अक्षरांत, अजून कुणी न वाचल्यासारखे. अनुजाचेसुद्धा. आपली अनुजा जाऊन चार वर्षं झाली, आणि आबा शेजारच्या बनाबाईंना हाक मारून सांगतात की पोरीनं पत्रांचा ढीग लावलाय. त्यातल्या एका मेलात तिनं लिहिलंय, शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं येते, घ्यायला या. काल इस्त्रीचा शर्ट घालून ते स्टँडवर गेले. अंधार पडल्यावर तिथल्या माणसाचा मला फोन आला, पावणं बाकड्यावरनं उठंनात म्हणून. रिक्षा करून घरी आणलं.

तारखा नीट करता येतात का, ते लगेच कळवा. माझा धीर सुटत चाललाय. तुम्ही एकटे राहता, जेवणाची आबाळ करू नका. आम्हा दोघांवर जीव आहे तो असाच राहू द्या.

लीला

पुणे
१२ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. आईंच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

माझं अक्षर लागलं नाही तर रागावू नका. अनुजा त्याला कोंबडीचे पाय म्हणायची.

दोष माझा आहे. मेल ज्या दिवशी आत आले, तोच दिवस नव्या प्रोग्रामनं आल्याची तारीख म्हणून धरला, आणि मी निघायच्या घाईत बघितलं नाही. खरी तारीख प्रत्येक मेलच्या आत शाबूत आहे. यादीच्या वर ‘आल्याची तारीख’ लिहिलंय, तिथे माउसचं उजवं बटण दाबा आणि ‘पाठवल्याची तारीख’ निवडा. सगळे मेल आपापल्या वर्षात जाऊन बसतील. दोन मिनिटांचं काम आहे. माझ्यापेक्षा तुम्हालाच नीट जमेल.

आबांना स्टँडवर एकटं जाऊ देऊ नका. तुमचं पत्र वाचल्यापासून माझंही कामात लक्ष नाही. आशीर्वादाचा हात पाठीवर असू द्या.

आपला
राजवर्धन

कोल्हापूर
२४ फेब्रुवारी २०२५

चि. राजवर्धनराव यांना अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. मेल मागे गेले. आबा बराच वेळ बघत बसले आणि मग मला विचारलं, चार वर्षांत पोरीनं एक ओळ लिहिली न्हाय, आमचं काय चुकलं? मी खरं ते सांगितलं. भिंतीला धरून खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा मेल उघडले, पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा सांगितलं. राजवर्धनराव, रोज सकाळी त्यांची लेक नव्यानं जायची आणि ते माझ्या तोंडून. शेवटी मीच तारखा होत्या तशा करून टाकल्या.

आता ते खुशीत आहेत आणि मला वेड लागायचं बाकी आहे. शुक्रवार आला की स्टँड. मी सोबत जाते. गाडी लागली की आबा पुढच्या दाराशी, आणि खरं सांगते, गेल्या शुक्रवारी मीसुद्धा उतरणाऱ्यांची तोंडं बघत होते. ते तिला उत्तरं लिहितात. तिचं काही येत नाही म्हणून रुसतात, ताट सरकवतात.

तिचं मेलचं खातं तुम्ही अजून बंद केलेलं नाही, मला ठाऊक आहे. तिच्या नावानं एकदाच लिहा. येणं जमत नाही, स्टँडवर येऊ नका, जेवत जा. एवढंच. सासूनं जावयापुढे पदर पसरू नये, तरी पसरते. उत्तराची वाट बघते. आम्हाला अंतर देऊ नका.

लीला

पुणे
३ मार्च २०२५

ती. सौ. आईंच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

तिचं खातं उघडलं. आबांची उत्तरं तिथे येऊन पडलीत. आई पांढरा रस्सा करणार हाय, असं एकात आहे. खिडकीशी बसू नको, वारं लागतं, असं दुसऱ्यात. आपण सगळे तिच्या खोकल्याला किती घाबरायचो ते आठवलं.

तुम्ही सांगितलेल्या ओळी लिहिल्या. खाली तिचं नाव घालायचं होतं, तिथे हात चालेना. आई, तिला मी माझ्या हातानं अग्नी दिलाय. हे माझ्याकडून होणार नाही, मला क्षमा करा.

येत्या शुक्रवारी त्याच गाडीनं मी येतो. तिथे काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही. नकार दिला म्हणून मला परकं समजू नका.

आपला
राजवर्धन

कोल्हापूर
१८ मार्च २०२५

चि. राजवर्धनराव यांना अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुम्ही येऊन गेलात, घर दोन दिवस भरल्यासारखं वाटलं. स्टँडवर काय बोलणं झालं ते तुम्ही मला सांगितलं नाहीत आणि मीही विचारलं नाही. मी पाणी आणायला गेले असं तुम्हाला वाटलं. मी बाटली घेऊन तुमच्या मागेच उभी होते.

तुम्ही उतरलात तेव्हा आबांचा चेहरा फुलला. मग ते तुमच्या पाठीमागे गाडीत बघत राहिले, सगळे उतरून संपेपर्यंत. एकटंच आलाय व्हय, असं त्यांनी विचारलं आणि तुम्ही खरं ते सांगून टाकलंत. मला वाटलं, आता खाली बसतील. ते रडले नाहीत. तुमचं मनगट धरून म्हणाले, “लीलाला कळू द्यायचं न्हाय. तिला सोसायचं न्हाय ते.”

सकाळपर्यंत हेही विसरतील असं मी धरून चालले होते. तुम्ही आला होतात हे विसरले. स्टँडवर गेलो होतो हेही विसरले. मला कळू द्यायचं नाही, एवढं एक विसरले नाहीत. आता माझ्याआधी उठून कॉम्प्युटरपुढे बसतात. मी खोलीत पाऊल टाकलं की घाईनं बंद करतात. मागच्या शुक्रवारी त्यांनी शर्ट मागितला नाही.

मी मुद्दाम विचारते, पोरीचं काय पत्र? माझ्याकडे न बघता सांगतात, मजेत हाय, कामात हाय, तुला जेवून घे म्हणत्या. मग मी त्यांच्यासमोर ताट घेऊन बसते. घास उतरत नाही, पण डोळ्यांत पाणी आलं तर मला कळलंय हे त्यांना कळेल. म्हणून हसते आणि जेवते.

तारखांना आता हात लावायचा नाही. सवड काढून येत जा. आलात की आबांच्या देखत मी तुम्हाला अनुजा कशी आहे म्हणून विचारीन. मजेत आहे, असं सांगा.

लीला