माझा वाटा बबनला

पूर्णगड, रविवार, १९८४

चार दिवस वही उघडायचा कंटाळा केला. आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय.

बाजारातलं मटण महाग, म्हणून वाडीने मिळून बोकड कापला. ताजं आणि स्वस्त. वाटे करणाऱ्या बाळूकाकांकडे मी कालच नाव दिलं होतं. आज वाटा आणायला जाताना होडीला डांबर लावत होते ते बघत बसलो, उशीर झाला, पण नाव दिलं होतं ना? सागाच्या पानांवर सगळ्यांचे वाटे, माझाच नाही!

काका म्हणाले, "तुझा काय भरवसा रे? आज हर्णेला, उद्या मुंबईला. दिला तुझ्या शेजारच्या बबनला."

नाव दिलं होतं मी! आईने मसाला वाटून ठेवलेला. तो झाकून तिने डाळ चढवली. तेच जास्त लागलं.

दारात कोण? बबन!

"चल रे जेवायला, आज मटण जास्त झालंय."