बेटावरची मांजरं

मंगळवार, संध्याकाळ. कुवेंपुनगर.

आज सरस्वतीपुरमच्या शाळेत मुलांना त्या समुद्रपक्ष्याचा फोटो दाखवला. नामशेष झाला म्हणून सगळ्यांनी आशा सोडलेला, आणि बेटावर आम्हा पक्षी-अभ्यासकांना बिळात जिवंत सापडला. एका मुलीने विचारलं, "सर, त्याला कुणी खात नाही?" म्हणालो, आता नाही.

खरं कुठे सांगितलं? बेटावरची रानटी मांजरं मीच मारली. पहिल्या मांजराचं पोट फाडलं तर आत पक्ष्याच्या पिल्लाचे पाय, अजून गुलाबी. मग हात थांबलाच नाही. मांजरीची पिल्लंसुद्धा मान मुरगाळून मारली. वेळ आली तर पुन्हा मारीन.

घरी आलो तर लेकीने मांजराचं पिल्लू आणलेलं. "बाबा, धर ना." धरलं. ह्याचेही पाय गुलाबी. ते घुरघुरत झोपलं, आणि माझा अंगठा आपोआप त्याच्या मानेवर गेला.