माझे रायपूरचे वाचक

भिलाई, मंगळवार, ९ डिसेंबर

वर्षभर माझ्या लेखांच्या वेबसाइटचा रिपोर्ट बघून खूश होत होतो. वाचक कुठून येतात? थोडे नागपूर, थोडे पुणे, आणि ढिगाने रायपूर. भिलाईसमोर शून्य. म्हटलं, बरंच आहे. गावात कोणी वाचत नाही, म्हणजे गावातल्या कोणाचीही सालं काढायला आपण मोकळे!

म्हणून तर महिन्याभरापूर्वी शेजारच्या वासुदेवभाऊंवर लिहिलं. नातीला मराठी समजत नाही, हे स्टील प्लांटमधून रिटायर झालेल्या त्या माणसाने मला डोळे पुसत सांगितलं होतं. मी लेख ठोकला, ‘आजोबांना दुभाषी पाहिजे’. नाव बदललं; बाकी माणूस तसाच ठेवला. का? हशा मिळतो म्हणून.

आज माझ्या मुलीने रिपोर्ट पाहिला आणि हसत सुटली. "बाबा, मोबाइलचं नेट रायपूरहून फिरून येते, म्हणून इथून उघडलं तरी रिपोर्टमध्ये बरेचदा रायपूरच दिसते. तुमचे रायपूरवाले आपल्या सेक्टर दहाचेच असतील!"

रायपूर! किती मिरवलं मी ते रायपूर.

संध्याकाळी वासुदेवभाऊंकडे गेलो. चाचरत विचारलं, "भाऊ, माझं लिहिलेलं वाचता का?"

"रोज वाचतो ना. कावून विचारून राहिले?"

"तो... दुभाषीवाला?"

"वाचला. मस्त जमला." मग आत वळून नातीला म्हणाले, "बेटा, अंकल के लिए पानी लाना."

ती लगेच घेऊन आली. महिन्याभरापूर्वीपर्यंत ते तिला आधी मराठीत सांगायचे. दोनदा, तीनदा, तिला समजेपर्यंत.