उरल्यासुरल्या फळांची वाईन

१४ फेब्रुवारी २०२५
फळं, फळं, फळं! ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन काय झालं, अर्धं पुसद फळं घेऊन आलं. संत्री, काळी द्राक्षं, चिकू. दोघांनी खाऊन किती खायची? तळाची संत्री मऊ पडलीत. हे म्हणाले, "वास मारून राह्यली, फेकून दे."
मला काय कळणार! करोना झाला तेव्हापासून, चार वर्षं, कशाचाच वास नाही. मोगऱ्याचा नाही, मोरीचा नाही.

१५ फेब्रुवारी
केतकीचा बंगळूरहून फोन. फळांचं सांगितलं तर म्हणे, "आई, वाईन कर!" ती अन्नप्रक्रियेच्या कारखान्यात, तिला सगळं सोपं. मी म्हटलं, जिनं तुझ्या सासूला आंबलेलं वरण वाढलं ती वाईन करणार?
दिवाळीतली गोष्ट. विहीणबाईंनी एक घास घेतला आणि वाटी हळूच बाजूला सरकवली. मी आग्रह करकरून आणखी वाढतेय! तेव्हापासून स्वयंपाकाला शेगडीपुढे उभी राहिले नाही. डबा येतो.
केतकी म्हणाली, "अगं, हे आंबवायचंच असतं."

१७ फेब्रुवारी
केली! नासका भाग ह्यांनी दाखवला — एका डोळ्याने — मी काढून टाकला. बाकी कुस्करलं. साखर, उकळून गार केलेलं पाणी. द्राक्षं न धुता घातली. केतकीने बजावलंय, खमीर त्यांच्या सालीवरच असतं. लोणच्याची मोठी बरणी, तोंडाला फडकं.
हे म्हणाले, "आपल्या घरात दारू? बाबा असते तर..." आणि फडक्याला दोरी स्वतःच बांधली.

१८ फेब्रुवारी
काही नाही. नुसता लगदा.

१९ फेब्रुवारी
जिवंत आहे!! सकाळी स्वयंपाकघरात बारीक चुरचुर. कान लावला — बरणीतून! सालींचा थर आपोआप वर आलेला. लाकडी चमच्याने दाबला तर फसफसून उठला. बरणीला हात लावला — कोमट! शेगडी बंद, ऊन नाही. मग तापवतंय कोण? तळहात काढवेना. जन्मभर ज्याला नासणं म्हटलं, ते हे?

२२ फेब्रुवारी
शेजारच्या जैबुनबीला वास घ्यायला बोलावलं. काय आहे ते आधीच सांगितलं. ती उंबऱ्यातच थबकली. "मी चाखनार नाही हां, वैनी." मग आली, वाकली, डोळे मिटले. "संत्र्याच्या बगीच्यात उभी हाव असं वाटते... अन् मागून पिकेल चिकूचा वास."
मी बरणीकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघत राहिले.
जाताना म्हणाली, "सिरका झाला तं मले देजो. तो आमाले चालते." सिरका म्हणजे व्हिनेगर.

२५ फेब्रुवारी
गाळून कॅनमध्ये भरली. जैबुनबीच्या मुलाने, शब्बीरने, त्याच्या गॅरेजमधली कोरी नळी झाकणात बसवून दिली, दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात. वारा बाहेर पडतो, आत शिरत नाही. बुड्... बुड्... हे समोर खुर्ची टाकून बसलेत. टीव्ही बंद!

१६ मार्च
बुडबुडे थांबले. आता नुसतं थांबायचं.

२ एप्रिल
ऊन भयंकर. आंबट पडली असेल का? जैबुनबी लेकीकडे महागावला. ह्यांनी वास घेतला. "मस्त आहे." खोटं वाटलं. म्हटलं, तुमचा भरवसा कसा धरू? वरणाच्या वेळी का नाही बोललात?
कॅनचं झाकण परत घट्ट लावलं. मग म्हणाले, "मले तेव्हाच वास आलता."
"मग?"
"मी संपवलं ना माझं. वाटीभर."
मला माहीतच नव्हतं! आंबलेलं वरण, सगळ्यांसमोर, वाटीभर. त्या रात्री ह्यांचं पोट बिघडलं होतं — मी म्हटलं होतं, चिवडा खाल्ला असेल.
"अन् आता खोटं नाही सांगून राह्यलो, मधू. खरंच मस्त आहे."

२० एप्रिल
गाळ खाली बसला. वरची अलगद बाटलीत काढली आणि खिडकीशी धरली. आरपार! पलीकडचा कडुलिंब दिसला, लालसर सोनेरी. फेकायची फळं होती ही! किती वेळ तशीच उभी होते कोण जाणे. हे म्हणाले, "हात दुखंल."
घोटभर घेतली. आंबट, जराशी गोड, घशात ऊब — जिभेला तेवढंच कळलं. बाकीचं हे सांगत गेले. संत्र्याची साल. मध. ओल्या लाकडासारखं काहीतरी. इतकं सलग बोलताना ह्यांना कधी ऐकलं नव्हतं.

२१ एप्रिल
डबेवाल्या बाईंना उद्यापासून नको म्हणून कळवलं. तीनदा नंबर फिरवून तीनदा ठेवून दिला. पण कळवलं.

२४ एप्रिल
वरण केलं. वाढण्याआधी ह्यांच्या नाकाखाली धरलं. "वाढ वो!" दोघांनी पोटभर खाल्लं.

६ मे
अंगणात कपडे वाळत घालत होते. हे बाजारात. आत दूध करपलं — मला बाहेर, नाकाने कळलं!