हळदीच्या कागदावरचं लाल

आई, तुला जाऊन वीस वर्षं झाली, तरी माझा तुझ्यावरचा राग गेलेला नाही. कोराडीच्या कॉलनीतलं तुझं स्वयंपाकघर आठवलं की आधी तोच वर येतो. त्या स्वयंपाकघरात मला मजा आली ती आत्यामुळं, तुझ्यामुळं नव्हे. बाबांची ही धाकटी बहीण लग्नानंतर वर्षभरातच विधवा होऊन आपल्याकडे आलेली. शिकलेली जेमतेम चौथी. पण संत्र्याची साल दिव्याच्या ज्योतीवर पिळून ती तडतड ठिणग्या उडवायची. लिंबाच्या रसानं कागदावर माझं नाव लिहायची, आणि कागद तापल्या तव्यावर धरला की ते तपकिरी होऊन उमटायचं. "पाह्य, आता कशी गंमत होते!" म्हणायची. तू दारातून म्हणायचीस, "पोरीले बिघडवून राहिली."

त्या दिवशी तुझं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बाहेरच्या खोलीत कॉलनीतल्या बायका, आणि आत्या आत, कारण तिनं बाहेर यायचं नव्हतं. मी सात वर्षांची, तिच्यापाशी बसलेली. तिनं वहीच्या कागदाला हळद फासली, बाबांच्या डबीतला चुना पाण्यात कालवून त्यावर थेंब सोडला. पिवळं होतं ते लालभडक झालं. मग त्यावर लिंबू पिळलं, पुन्हा पिवळं. मला काय सुचलं कोण जाणे. मी ओली हळद तिच्या कपाळाला लावली आणि वर चुन्याच्या पाण्याचं बोट टेकवलं. तिनं माझा हात झटकला नाही. डोळे मिटून बसून राहिली.

नेमकी तेव्हाच तू तिळगूळ न्यायला आलीस, मागोमाग शेजारची बाई. "हे काय वं? कोणी लावलं तुले?" तुझा आवाज ऐकून माझी पाचावर धारण बसली. मी म्हणाले, "आत्यानंच लावलं." तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. "हो वहिनी, मीच लावलं. पोरीले काही म्हणू नका." तू तिला मोरीवर नेलंस आणि तिचं कपाळ कपड्याच्या साबणानं घासलंस. साबणानं हळद आणखीच लाल झाली. तू घासतच राहिलीस, कातडी सोलवटेपर्यंत. लिंबानं ते जातं हे तिला ठाऊक होतं, मलाही होतं. दोघीही बोललो नाही.

माझी बोटं पिवळी होती, आई. संध्याकाळी तूच ती धुतलीस आणि एका शब्दानं काही विचारलं नाहीस. तुला खरं नकोच होतं, तिला घालवायला निमित्त हवं होतं. आठवड्याच्या आत बाबांनी तिला तिच्या दिराच्या गावी पोचवलं. तिथं ती शेतात आणि चुलीपाशी राबली आणि तिथंच मेली. आपल्या घरात नंतर तिचा विषयही निघाला नाही.

हे सगळं तुझ्या माथी मारायला म्हणून लिहायला बसले, पाठवायचं नाहीच म्हणून धीर आला. पण परवा नातीला शाळेसाठी घरच्या घरी करायचा एखादा प्रयोग हवा होता. मी तिला हळदीचा कागद करून दाखवला. तिनं टाळ्या पिटल्या. "आजी, तुला हे कोणी शिकवलं?" आत्याचं सांगितलं असतं तर तिनं पुढचंही विचारलं असतं. मी म्हणाले, "माझ्या आईनं." तिनं ते वहीत लिहून टाकलं.