गायधनी सरांचं आत्मचरित्र

१४ जून १९९९
मिळालं काम! गायधनी सर विज्ञानकथा लिहितात, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून रिटायर झालेत. डोळे अधू झाले म्हणून आत्मचरित्र ते सांगणार, मी लिहून घेणार. बाबा म्हणाले, "घरातली पहिली ग्रॅज्युएट, अन् दुसऱ्याचंच लिहिणार?" बाबांना कसं सांगू! साहित्य डोळ्यांदेखत घडताना बघायला मिळणार.

३ ऑगस्ट
सरांना मंगळावरच्या वादळाची कथा सुचली बॉयलरच्या राखेतून चालताना! ऐकतच राहिले. आत्मचरित्राचं शीर्षक मात्र अजून ठरत नाही.

२१ सप्टेंबर
दुपारी सर झोपलेले. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मेथी निवडत होत्या. त्यांना वाचता येत नाही. एकदम म्हणाल्या, "पोरी, माझं कुठं आलंय गं त्यात?"

सगळी पानं चाळली. एकच वाक्य — "त्याच वर्षी लग्न झालं." पुढे लगेच पहिली कथा छापून आल्याचं सुरू. तेवढंच वाचून दाखवलं.

"बास?"

"बास, काकू."

"बरं झालं. लय शिणावं नाय लागलं तुला." हसल्या. पुन्हा मेथी. मला तिथे बसवेना.

२२ सप्टेंबर
धीर करून सरांना विचारलंच. आत्मचरित्र खरं असायला नको? सर म्हणाले — "मंगळावरच्या धुळीचा रंग सांगेन मी तुला. हिचं काय सांगू? ही घरातच होती."

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली.

निघताना हळूच म्हणाले, "उद्या हिचं प्रकरण घेऊ. आधी तिलाच विचारतो काही काही."

२३ सप्टेंबर
पहाटे सरांना अर्धांगवायूचा झटका. वाचा गेली.

९ ऑक्टोबर
सर गेले.

१८ नोव्हेंबर
पुण्याहून प्रकाशकांचा फोन — जेवढं झालंय तेवढंच छापू, शीर्षक कळवा. दोन-तीन सुचवून बघितली, सगळी आकाशाची, ताऱ्यांची. काकूंनी ऐकून घेतली.

"ते समदं त्यांचं झालं. माझं ते एक वाक्य होतं ना? ते टाक वर."

"काकू, लोक हसतील!"

"हसू दे की. जलमभर भाकरी थापल्या. एका ओळीवर तरी माझा हक्क हाय का नाय?"

कळवलं. प्रकाशक आधी "छे!" म्हणाले. थोड्या वेळाने त्यांचाच फोन — "राहू द्या. लोक उघडून तरी बघतील."

त्याच वर्षी लग्न झालं. मुखपृष्ठावर! बसमध्ये रडले. वाटलं, काकूंना न्याय मिळाला.

२ मार्च २०००
पुस्तक आलं. काकूंनी मुखपृष्ठावरून बोट फिरवलं. "ह्यात माझं नाव कुठं लिवलंय?"

कुठेच नाही. वर नाही, आत नाही. या वहीतही नाही. मी कधी विचारलंच नव्हतं.

आज विचारलं. कलाबाई.