खांबामागचा हात

१२ सप्टेंबर, शुक्रवार. वेस्ट विंडसर.
उद्या न्यूयॉर्क. निखिल सुट्टीच्या दिवशी मोठं कॅथीड्रल, म्हणजे प्रमुख चर्च, दाखवणार आहे. आल्यापासून प्रथमच आम्ही बापलेक दोघंच. आत म्हणे एक चॅपल, छोटं प्रार्थनाघर, आहे, कुठल्याशा फ्रेंच राजाच्या खासगी चॅपलवरून बेतलेलं. रंगीत काचांत राजे, घोडे, तलवारी. सहावीला लढाईची कविता शिकवताना मनात असाच दगडी, घुमणारा महाल असायचा. प्रत्यक्षात वर्गावर पत्रे आणि शेजारी पिठाची गिरणी.
मुग्धा, सूनबाई, म्हणाली, "बाबा, स्पोर्ट्स शूजच घाला. खूप चालायचंय."

१४ सप्टेंबर, रविवार.
काल लिहिणं झालं नाही. डावं मनगट सुजलंय. क्रमाने लिहितो, नाहीतर पुढे माझं मलाच खरं वाटणार नाही.
देवाचं घर म्हटल्यावर पायात बूट घेऊन जाववेना. निखिल तिकिटांच्या रांगेत. मी दाराच्या आतच बूट काढले, कापडी पिशवीत घातले. खाऊचा स्टीलचा डबाही त्यातच. गाठ मारून पिशवी पहिल्या खांबामागे ठेवली, आपल्याकडे देवळात ठेवतो तशी. मोज्यांवर आत गेलो.
ते चॅपल... निळा, तांबडा उजेड. काचेतल्या एका संताने स्वतःचंच मुंडकं हातात धरलेलं. राजाच्या घोड्याखाली एक माणूस तोंड वासून. तांबड्या काचेतलं ऊन माझ्या मोज्यांवर, घोट्यापर्यंत रक्तात उभा असल्यासारखं. आणि मी सुखात! कविता आपोआप ओठांवर आली. आधी हळू, मग मोठ्याने. घुमली. आयुष्यभर हवी होती तशी.
परत येतो तर पिशवीभोवती पट्टी लावलेली. गार्ड माझ्याच वयाचा, पांढऱ्या मिशांचा, लोकांना मागे सारत होता. बेवारस पिशवी, आत धातूचं काहीतरी! मी आपला "माय शूज, माय शूज" करत पट्टीखालून घुसलो, पिशवीला हात घातला. तो ओरडला. मी दचकलो. मोजे संगमरवरावर सटकले. मी पडताना त्याने माझा दंड धरला. "ईझी, सर, ईझी." धरला. ढकललं नाही. नाहीतर डोकंच खांबावर फुटतं, मनगटावर निभावलं.
नि.ला लांबून काय दिसलं? बाप जमिनीवर आणि त्याच्यावर वाकलेला गणवेश.
एक ठोसा. दुसरा. गार्ड आडवा झाला तरी तिसरा, चौथा. नाकाचं हाड मोडतं तेव्हा शेवग्याची ओली शेंग मोडल्यासारखा आवाज येतो. तीस वर्षं लढाया शिकवल्या, हा आवाज एकाही कवितेत नव्हता. एक दात घरंगळत माझ्या पायाशी.
"निखिल, थांब" म्हणालो. पण चौथ्यानंतर. पहिले तीन मी गप्प पाहिले. छाती फुगली होती. माझा मुलगा, माझ्यासाठी!
पोलिसांनी त्याला पाठीवर गुडघा रोवून बेड्या घातल्या. गाल त्याच दगडावर, त्याच रक्तात.

१५ सप्टेंबर, सोमवार.
नि.ला कोर्टाची तारीख देऊन सोडलंय. ऑफिसने घरी बसवलंय. गार्डचा जबडा तारांनी बांधलाय. त्याने कागदावर लिहून दिलंय म्हणे, मी म्हाताऱ्याला पडताना सावरलं. कॅमेऱ्यात खांब आड आलाय. हात दिसत नाही.
वकीलबाई म्हणाल्या, आधी गार्डने ढकललं असेल तर नि. सुटेल. नसेल तर गुन्हा, नोकरी, व्हिसा, इतक्या वर्षांची ग्रीन कार्डची रांग, नातीची, ईराची शाळा, हे घर. सगळं जाईल. माझ्या दंडावर चार-पाच निळे डाग उठलेत. त्यांनी फोटो काढून घेतला.
तो हात माहीत असणारे दोघंच. तो आणि मी.

१६ सप्टेंबर, मंगळवार.
नि.ने कागद पुढे ठेवला. "एवढं पाठ करा. शुक्रवारी जबानीत सांगायचंय, दुभाषी असेल."
त्याने मला ढकलले. मी खाली पडलो. मला वाचवायला मुलगा धावला.
"अरे, पण त्याने ढकललं नाही."
"मी पाहिलंय, बाबा."
"तू लांब होतास."
हातातला मग त्याने भिंतीवर फेकला. मुग्धा किचनमधून, "निखिल! ईरा वर आहे!" चहा भिंतीवरून ओघळत होता. नि.ने तळहात माझ्या नाकासमोर धरला. "सहावी ब. आठवतंय? फळा मी पुसला नाही म्हणालो. वेत मोडेपर्यंत मारलंत. सगळ्या वर्गासमोर, खोटं बोललो म्हणून. आणि खरंच मी पुसला नव्हता."
आठवतं. पाहुणे येणार म्हणून रंगीत खडूंनी तासभर खपून कविता लिहिली होती. याच्या बोटांतून रक्त आलं. त्या दिवशीही छाती फुगली होती. स्वतःच्या मुलालाही सोडलं नाही म्हणून.

१८ सप्टेंबर, गुरुवार.
तीन वाक्यं चालीत बसली. जन्माची खोड. मागच्या अंगणात फेऱ्या घालत गुणगुणत होतो. ईरा, आठ वर्षांची, मागे मागे. "आजोबा, इज इट अ पोएम? टीच मी!"
शाळेतून आल्यावर ती झोपाळ्यावर पाय हलवत म्हणत होती, त्याने मला ढकलले, मी खाली पडलो. माझ्याच चालीत. टाळी वाजवत.
माझा हात उठला. पोरीच्या गालापर्यंत गेला असता. मुग्धाने वरच्या वर दंड पकडला. "बाबा!" नेमका त्याच जागी, निळ्या डागांवर. कळ डोक्यात गेली. पोर झोपाळ्यावर गोठलेली.
मुग्धा तिला उचलून आत घेऊन गेली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळ.
पोलिसांकडून पिशवी परत आली. डबा आहे, बूटही. मनगटामुळे नाडी बांधता येईना. नि. खाली बसला, त्याने बांधली. बोटांच्या पेरांवर खपल्या.
"डबल गाठ मारलीय. आता कुठे काढू नका." हसला. शनिवारपासून पहिल्यांदा.
"पाठ झालं ना?"
"झालं."
तो गाडी काढायला गेलाय. मी बाही वर करून पाहतोय. डाग पिवळे पडायला लागलेत. बाहेरच्या बाजूला चार बोटं, आतल्या बाजूला एक अंगठा. स्पष्ट. ढकलणाऱ्याचा अंगठा असा उमटत नाही. वकीलबाईंनी फोटो बाहेरूनच काढलाय.
हॉर्न वाजतोय. बाही खाली ओढतो.